एका ‘की’चे चार दरवाजे: डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीच

गेल्या भागानंतर एका श्रोतीचा व्हॉइस मेसेज आला. तलाठी भरतीची तयारी करतेय, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून. ती म्हणाली, “ताई, इंग्रजी सोडून दिलं तर चालेल का? नॅरेशनचा प्रश्न आला की मला दोन पर्याय बरोबर वाटतात आणि मी नेमका चुकीचा निवडते.”

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. नाही चालणार. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्न होते, त्यातले 25 इंग्रजीचे. चौथा हिस्सा सोडून द्यायचा आणि मेरिटमध्ये यायचं, हे गणित बसत नाही. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्यावर इंग्रजीला 50 गुण, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेतही मराठी-इंग्रजी आहेच. म्हणजे पळून जायला जागा नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि आजचा सगळा भाग त्याच्यावरच आहे. दोन पर्याय बरोबर का वाटतात? माझं मत सांगते. नियम पाठ नसतात म्हणून नाही. नियम सगळ्यांना पाठ असतात. ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, हे सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. गडबड होते कारण आपण हे वाक्य डोक्यात मराठीतून ऐकतो, आणि मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगायची पद्धतच वेगळी आहे.

नीट ऐका हं. तुमचा मित्र तुम्हाला म्हणाला, “मी उद्या येतो.” तुम्ही घरी जाऊन आईला काय सांगता? “तो म्हणाला की मी उद्या येतो.” बघा, ‘मी’ तसाच राहिला, ‘उद्या’ तसाच राहिला, ‘येतो’ तसाच राहिला. मध्ये फक्त एक ‘की’ घातला आणि काम झालं. आईलाही कळलं की येणार आहे तो मित्र, तुम्ही नाही. मराठीत ही अडचणच वाटत नाही. फोनवरचं बोलणं जसंच्या तसं उचलायचं आणि पुढे द्यायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करतो ना, अगदी तसं.

इंग्रजीत फॉरवर्ड चालत नाही. तिथे सांगणारा माणूस स्वतःच्या जागेवर उभा राहून सांगतो. त्याच्या जागेवरून बघितलं तर मित्र हा ‘मी’ नाही, ‘तो’ आहे. मित्र बोलला ती वेळ आता मागे गेलेली आहे. म्हणून: “ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.” सर्वनाम बदललं, काळ मागे सरकला, ‘उद्या’ गेला. तीन वेगळे नियम पाठ करायची गरज नाही, गोष्ट एकच आहे. बोलणाऱ्याच्या खुर्चीतून उठायचं आणि सांगणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं.

याचा फायदा फक्त नॅरेशनपुरता नाही बरं का. “मला माहीत होतं की तो खोटं बोलतोय.” मराठीत ‘बोलतोय’, वर्तमानकाळ. इंग्रजीत “आय न्यू दॅट ही वॉज लाइंग.” ‘ही इज लाइंग’ लिहिलं की ‘चूक ओळखा’च्या प्रश्नात हमखास तोच भाग चुकीचा म्हणून दिलेला असतो. “मला वाटलं तू गेलास” याचं “आय थॉट यू हॅड गॉन.” एकच खिळा, दोन तसबिरी.

आता येते माझ्या आवडत्या मुद्द्याकडे. तो मराठीतला ‘की’. चार वाक्यं सांगते.

तो म्हणाला की मला ताप आहे.
त्याने विचारलं की तू जेवलास का.
त्याने विचारलं की तू कुठे राहतोस.
त्याने सांगितलं की दार लाव.

चारही वाक्यांत ‘की’ आहे. मराठीत ‘की’ ही एकच चावी सगळ्या कुलपांना लागते. इंग्रजीत चार दरवाजे वेगवेगळे. पहिल्याला ‘दॅट’: “ही सेड दॅट ही हॅड फीवर.” दुसऱ्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, म्हणून ‘इफ’ किंवा ‘वेदर’: “ही आस्क्ड मी इफ आय हॅड ईटन.” तिसऱ्यात ‘कुठे’ हा प्रश्नशब्द आहे, तोच जोडतो, वेगळा शब्द लागतच नाही: “ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.” चौथं हुकूम, म्हणून ‘टू’: “ही टोल्ड मी टू क्लोज द डोअर.”

आता लक्षात येतंय का, “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह्ड” हा पर्याय आपल्याला एवढा ओळखीचा का वाटतो? कारण तो मराठीचा ‘की’ आहे, इंग्रजी कपडे घालून आलेला. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. ‘आस्क्ड दॅट’ दिसलं की मी तरी पुढचं वाचतच नाही, तो पर्याय खोडते.

मराठी दर वेळी आडवी येते असं मात्र नाही. काही ठिकाणी ती मदतच करते, आणि हे फार कमी क्लासमध्ये सांगतात. ‘से’ आणि ‘टेल’ यांच्यातला फरक लोक तक्ते करून पाठ करतात. अरे, आपल्याकडे तो फरक आधीच आहे! ‘से’ म्हणजे म्हणणे, ‘टेल’ म्हणजे सांगणे. ‘तो म्हणाला’ हे एकटं उभं राहतं, कुणाला म्हणाला ते नाही सांगितलं तरी चालतं. ‘सांगितलं’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाला? ‘टोल्ड’चंही तेच, पुढे माणूस लागतो: टोल्ड मी, टोल्ड हर, टोल्ड द टीचर. आणि ‘सांगणे’ जसं माहितीलाही चालतं आणि हुकमालाही चालतं, “त्याने मला सांगितलं की पाऊस आहे” आणि “त्याने मला थांबायला सांगितलं”, तसंच ‘टेल’. माहिती असेल तर “टोल्ड मी दॅट”, काम असेल तर “टोल्ड मी टू”. थांबायला मधला ‘-ला’ म्हणजेच तो ‘टू’. फक्त एक सांभाळा. ‘मला सांगितलं’ मधला ‘ला’ इंग्रजीत उतरवू नका. ‘टोल्ड टू मी’ चूक. ‘सेड टू मी’ बरोबर, ‘टोल्ड मी’ बरोबर.

मराठीतून इंग्रजी शिकवण्याची आपली परंपरा जुनीच आहे, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक पिढ्यांनी गिरवली. त्यामुळे ‘इंग्रजी इंग्रजीतूनच शिका, मराठी डोक्यातून काढून टाका’ असं कुणी सांगितलं की मला ते पटत नाही. मराठी डोक्यातून निघत नसते. ती कुठे दगा देते आणि कुठे हात देते, तेवढं ओळखायचं.

चला, आता एक प्रश्न सोबत सोडवू. वाक्य ऐका.

ही सेड टू मी, “व्हेअर डिड यू कीप माय बॅग यस्टरडे?”

पर्याय पहिला: ही आस्क्ड मी व्हेअर डिड आय कीप हिज बॅग द प्रीव्हियस डे.
दुसरा: ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय हॅड केप्ट हिज बॅग द प्रीव्हियस डे.
तिसरा: ही आस्क्ड मी व्हेअर ही हॅड केप्ट माय बॅग यस्टरडे.
चौथा: ही आस्क्ड मी व्हेअर आय हॅड केप्ट हिज बॅग द प्रीव्हियस डे.

इथे पॉज करा. उत्तर मनात ठरवा, मग पुढे ऐका.

बहुतेक मुलं काय करतात? आधी मूळ वाक्य पूर्ण बदलून बघतात, मनात उत्तर तयार करतात आणि मग ते चार पर्यायांत शोधतात. वेळ जातो, शिवाय चार लांब वाक्यं वाचून डोळे फिरतात. उलटं करा. पर्याय मारत चला, आणि सगळ्यात आधी जोडणारा शब्द बघा. दुसऱ्यात ‘दॅट व्हेअर’ आहे. गेला. मग शब्दांचा क्रम. पहिल्यात ‘डिड आय कीप’ आहे, म्हणजे प्रश्न अजून प्रश्नच राहिलाय. इंग्रजीत प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या पुढे येतं. दुसऱ्याचा प्रश्न सांगताना क्रम पुन्हा सरळ होतो. गाडी रिव्हर्समध्ये होती, ती परत सरळ करायची. मराठीत ‘तू कुठे ठेवलीस’ हा क्रम दोन्ही वेळा सारखाच राहतो, म्हणून ही चूक आपल्या कानाला टोचत नाही. पहिला गेला. उरले तिसरा आणि चौथा. बॅग कुणाची? विचारणाऱ्याची. तिसऱ्यात ती माझी झाली, वर ‘यस्टरडे’ही तसाच आहे. गेला. उत्तर चौथा पर्याय. काळ बघायची वेळसुद्धा आली नाही!

जोडशब्द, क्रम, सर्वनाम, आणि काळ शेवटी. काळ शेवटी का, तर सगळ्यात जास्त अपवाद तिथेच आहेत. जे पक्कं आहे त्यावर आधी पर्याय मारायचे.

सर्वनामासाठी क्लासमध्ये ‘सन’ची युक्ती शिकवतात, एस-ओ-एन. पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे बदलतो, दुसरा पुरुष कर्माप्रमाणे, तिसऱ्यात बदल नाही. चांगली युक्ती आहे, वापरा. कर्ता आणि कर्म म्हणजे अवतरणचिन्हाच्या बाहेरचे, आतले नव्हेत, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

आता ते अपवाद. रिपोर्टिंग व्हर्ब, म्हणजे बाहेरचं ‘म्हणतो-म्हणाला’, वर्तमानात किंवा भविष्यात असेल तर आतला काळ हलत नाही. “द नोटीस सेज, ‘द एक्झाम विल बिगिन अ‍ॅट टेन.’” याचं “द नोटीस सेज दॅट द एक्झाम विल बिगिन अ‍ॅट टेन.” ‘विल’ जागेवर. घाईत लोक बाहेरचा शब्द वाचतच नाहीत, आतलं ‘विल’ दिसलं की हात आपोआप ‘वुड’कडे जातो. पहिली नजर बाहेर टाका: ‘सेज’ आहे की ‘सेड’?

त्रिकालाबाधित सत्य बदलत नाही, हे सगळ्यांना येतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन, ते तसंच राहतं. पण इतिहासातली घटना? “द टीचर सेड, ‘गांधीजी स्टार्टेड द दांडी मार्च इन 1930.’” इथे ‘स्टार्टेड’चं ‘हॅड स्टार्टेड’ करत नाहीत. इतिहासातली नोंद झालेली गोष्ट साध्या भूतकाळातच ठेवतात. एरवी साधा भूतकाळ ‘हॅड’कडे जातो, ‘वॉज गोइंग’चं ‘हॅड बीन गोइंग’ होतं, आणि आधीच ‘हॅड गॉन’ असेल तर आणखी मागे जायला जागा नाही, ते तिथेच थांबतं. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ हेही बदलत नाहीत. ‘मस्ट’चं, नाइलाज असेल तर, बहुतेक वेळा ‘हॅड टू’.

आणि कल्पनेतलं वाक्य. “ही सेड टू मी, ‘इफ आय वर रिच, आय वुड हेल्प यू.’” इथे ‘वर’चं ‘हॅड बीन’ करू नका. तो श्रीमंत नव्हता, नाहीये, ती नुसती कल्पना आहे, तिला काळ कुठला? “ही टोल्ड मी दॅट इफ ही वर रिच, ही वुड हेल्प मी.” फक्त माणसं बदलली.

हुकूम-विनंतीच्या वाक्यांत खरी मजा बोलण्याचा सूर ओळखण्यात आहे. तुमच्या एसटीतला कंडक्टर ओरडतो, “पुढे सरका!” मराठीत आपण घरी येऊन तेच वाक्य तसंच म्हणतो, सूर आवाजातून देतो. इंग्रजीत सूर क्रियापदात भरावा लागतो. कंडक्टरने सांगितलं, ‘टोल्ड’. साहेबांनी सांगितलं, ‘ऑर्डर्ड’. डॉक्टरांनी सांगितलं, ‘अ‍ॅडव्हाइज्ड’. आत ‘प्लीज’ आहे, तर ‘रिक्वेस्टेड’, आणि ‘प्लीज’ शब्द गायब. ‘डोन्ट’ असेल तर ‘नॉट टू’: “द कंडक्टर टोल्ड अस नॉट टू स्टँड निअर द डोअर.” आणि ‘फॉरबेड’ आला तर सावध. त्या शब्दाच्या पोटातच ‘नको’ आहे. “मदर फॉरबेड मी टू यूज द फोन” एवढंच. ‘फॉरबेड मी नॉट टू यूज’ म्हटलं तर दोन नकार झाले, म्हणजे आईने फोन वापरायला लावला! असा पर्याय दिसला तर बिनधास्त खोडा.

‘लेट अस’ म्हणजे ‘चला, आपण करू’. तो हुकूम नाही, प्रस्ताव आहे. “ही सेड, ‘लेट अस टेक अ ब्रेक.’” याचं “ही सजेस्टेड दॅट दे शुड टेक अ ब्रेक.” सांगणारा स्वतः त्या टोळक्यात असेल तर ‘दे’ऐवजी ‘वी’. ‘सजेस्टेड’ नाहीतर ‘प्रपोज्ड’, दोन्ही चालतात.

उद्गारवाचक वाक्यांवर मी फार वेळ घालवणार नाही. ‘हुर्रे’ असेल तर ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय दॅट’, ‘अलास’ असेल तर ‘विथ सॉरो’. ‘व्हॉट अ ब्यूटिफुल फोर्ट’ असेल तर ‘दॅट इट वॉज अ व्हेरी ब्यूटिफुल फोर्ट’, आणि शेवटचं उद्गारचिन्ह जातं. प्रत्यक्षात कुणी असं इंग्रजी बोलत नाही. रोजच्या बोलण्यात तर काळसुद्धा मागे सरकवतातच असं नाही. आत्ताच कुणी ‘आय अ‍ॅम इल’ म्हणालं तर “ही सेज ही इज इल”, “ही सेड ही इज इल”, दोन्ही ऐकू येतं आणि चुकीचं नसतं. पण परीक्षा रेन आणि मार्टिनच्या वळणाची आहे. हे दोन कप्पे वेगळे ठेवा. वेब सिरीज बघून आलेलं इंग्रजी बोलायला कामाचं, आणि बघाच. पेपरात बसलात की पुस्तकी वळण. “सिरीजमध्ये तर असंच म्हणतात” हा वाद घालून गुण मिळत नाहीत.

सराव कसा करायचा? पन्नास-पन्नास वाक्यांचे सेट सोडवायला माझी ना नाही. पण त्यात वाक्यं निर्जीव असतात, कोण बोलतंय ते दिसत नाही, म्हणून हात यंत्रासारखा चालतो. त्याऐवजी रात्री झोपण्याआधी दिवसभरात तुमच्याशी कोण काय बोललं ते पाच वाक्यांत इंग्रजीत सांगा. मोठ्याने, फोनच्या रेकॉर्डरवर. मेसच्या काकू म्हणाल्या, “उद्या मेस बंद आहे.” काकू सेड दॅट द मेस वुड बी क्लोज्ड द नेक्स्ट डे. बघा, मराठीत ‘आहे’, पण गोष्ट उद्याची, म्हणून ‘वुड बी’. रूममेटने विचारलं, “माझा चार्जर घेतलास का?” माय रूममेट आस्क्ड मी इफ आय हॅड टेकन हिज चार्जर. घरून फोन आला, बाबांनी विचारलं, “रिझल्ट कधी लागणार?” माय फादर आस्क्ड मी व्हेन द रिझल्ट वुड कम. हे शेवटचं वाक्य तुम्हाला कधीच विसरायला होणार नाही, कारण ते रोजच विचारलं जातं.

स्वतःच्या आयुष्यातली वाक्यं असली की खुर्ची आपोआप बदलते. चार्जर कुणाचा ते तुम्हाला ठाऊक असतं, सर्वनाम चुकायचा प्रश्नच येत नाही. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐका. ‘आस्क्ड दॅट’ किंवा ‘टोल्ड टू मी’ कुठे निसटलंय ते तुमचं तुम्हालाच ऐकू येईल.

आता चार वाक्यं देते. उत्तरं लिहून नको, बोलून पाठवा. आपल्या नेहमीच्या नंबरवर व्हॉइस मेसेज करा. पहिलं: शी सेड टू हर ब्रदर, “डिड यू फिल द फॉर्म यस्टरडे?” दुसरं: द क्लर्क सेज, “द लास्ट डेट हॅज गॉन.” तिसरं: द ओल्ड मॅन सेड टू द बॉय, “प्लीज रीड धिस लेटर फॉर मी.” चौथं थोडं अवघड आहे: आय सेड टू हिम, “इफ आय वर यू, आय वुड नॉट लीव्ह इंग्लिश.”

चौथ्यात ‘यू’चं काय होतं ते नीट बघा. पुढच्या भागाची सुरुवात तिथूनच करू, आणि मग अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्हकडे वळू.